खाऊचे पैसे आणि हवामान बदल: सीमाभागातील विद्यार्थी व पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि अथणी या तालुक्यांतील मराठी घरांमध्ये आणि शाळांमध्ये या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे देताना एक कसोटी सर्वत्र लावली आहे. ज्या वस्तूसाठी किंवा सवयीसाठी रोज इंधन जळते, तिथे ते वाचवण्यासाठी लावलेला रुपया वर्षभर कामी येतो आणि नुसत्या दिखाव्यावर गेलेला रुपया त्याच दिवशी संपतो.

माझ्या खाऊच्या पैशांचा आणि हवामान बदलाचा संबंध काय?

आपण विकत घेतो ती प्रत्येक वस्तू कुठेतरी तयार होते, कशावर तरी लादून आणली जाते आणि अनेकदा वीज किंवा इंधन वापरूनच चालते. कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साचून राहतो, त्याचा मोठा भाग शतकानुशतके जात नाही आणि त्यामुळे पृथ्वीची उष्णता बाहेर निसटणे अवघड होते. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्या वर्षीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने जास्त होते.

दहा रुपयांच्या वेफर्सच्या पुड्यामुळे यात मोठा फरक पडत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलांच्या पैशांचे महत्त्व दुसरीकडे आहे. खर्चाचा हिशेब लिहिण्याची सवय लागलेला विद्यार्थी हळूहळू घरच्या वीजबिलाकडे, गाडीच्या पेट्रोलकडे आणि शाळेच्या खर्चाकडेही त्याच नजरेने पाहू लागतो, आणि तिथे मात्र खरोखर मोठी रक्कम आणि मोठा धूर असतो.

आपल्या भागात याचे परिणाम दिसतात का?

दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना आलेल्या पुरात जिल्ह्यातील असंख्य घरे पडली, आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आल्याने बेळगाव-कोल्हापूर वाहतूक बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच घडले. त्यानंतर २०२३ मध्ये पावसाने दगा दिला आणि कर्नाटकातील २०० हून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. एखादा विशिष्ट पूर केवळ हवामान बदलामुळेच आला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण नदीपात्रातील अतिक्रमणे आणि धरणांतून सोडले जाणारे पाणी यांचाही त्यात वाटा असतो. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, त्यामुळे थोड्या वेळात प्रचंड पाऊस आणि मध्ये लांबलचक उघडीप असे चित्र वाढत जाते, हे मात्र निश्चित आहे. राकसकोप जलाशयातून पाणी येते त्या बेळगाव शहरातील मुलांना आणि रोपलावणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या खानापुरातील मुलांना या उघडिपीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

प्रदूषण मोठ्या कारखान्यांनी करायचे आणि जबाबदारी शाळकरी मुलांवर टाकायची, हे न्याय्य आहे का?

नाही, आणि कोणत्याही मुलाच्या मनात अपराधीपणाची भावना निर्माण होता कामा नये. विजेचे धोरण, रस्ते, कारखान्यांची धुरांडी यांविषयीचे निर्णय सरकार आणि उद्योग घेतात आणि मुख्य जबाबदारी त्यांचीच आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (हवेत जेवढे असे वायू सोडायचे तेवढेच शोषून घेण्याचे) उद्दिष्ट जाहीर केले आहे, म्हणजे आज सातवीत असलेले विद्यार्थी साठीच्या आसपास येईपर्यंत ही वाटचाल चालणार आहे. त्या काळात सरपंच, अभियंते, शेतकरी, दुकानदार आणि मतदार म्हणून निर्णय घेणार ते हेच विद्यार्थी आहेत. पैशाचा आणि इंधनाचा हिशेब एकत्र मांडायला ते आता शिकले, तर पुढे त्यांना कोणी सहज फसवू शकणार नाही.

सुरुवात कोणत्या खर्चापासून करावी?

आधी चार आठवडे काहीही न बदलता फक्त लिहून काढा. वहीच्या एका पानावर तारीख, वस्तू आणि रक्कम असे तीन रकाने पुरे होतात. घरचे लोक तुमच्यासाठी करतात तो खर्चही त्यात लिहावा: रिक्षा, शिकवणीला सोडायला जाणाऱ्या गाडीचे पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज, वाढदिवसाच्या भेटी. महिन्याच्या शेवटी प्रत्येक खर्चासमोर "रोज", "कधीतरी" किंवा "एकदाच" यांपैकी एक शब्द लिहा. ज्यांच्यासमोर "रोज" लिहिले आहे आणि ज्यांत वीज किंवा इंधन जळते, ते खर्च आधी पाहावेत. बहुतेक घरांत अशा दोन किंवा तीनच ओळी सापडतात.

गृहज्योती योजनेमुळे आमचे वीजबिल शून्य येते. मग वीज वाचवून काय मिळणार?

कर्नाटकातील घरांमधून हा प्रश्न वारंवार येतो आणि तो अगदी रास्त आहे. गृहज्योती योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात साधारणपणे घराचा आधीच्या वर्षातील सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ एवढी वीज मोफत मिळते, आणि तिची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिट आहे. ठरलेल्या युनिटपेक्षा जास्त वापर झाला तर जादा युनिटचे पैसे द्यावे लागतात, आणि २०० च्या पुढे गेल्यास त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. त्यामुळे उन्हाळ्यात पंखे, कूलर आणि फ्रिज एकदम चालू लागले की शून्य बिलाच्या घरातही अचानक मोठी रक्कम येऊ शकते. हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल हातात आले की रकमेच्या आधी युनिटचा आकडा वाचण्याची सवय मुलांनी घरात लावावी.

हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर बिल कोणीही भरले तरी वीज कुठेतरी तयार करावीच लागते. सौंदत्तीच्या डोंगरावरील पवनचक्क्या, पावगड येथील सौर प्रकल्प आणि शरावतीचे जलविद्युत केंद्र यांमुळे कर्नाटकात स्वच्छ विजेचा वाटा चांगला आहे. पण सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे आणि पंखे सुरू होतात, तेव्हा रायचूर आणि बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रांत कोळसा जळतो. देशभरातील सर्व वीज एकत्र धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत वाचवलेल्या युनिटला सर्वांत जास्त महत्त्व आहे.

गल्ल्यात साठलेल्या पैशांतून घरासाठी एखादी वस्तू घ्यायची असेल तर कोणती घ्यावी?

घरात अजून जुना पिवळा बल्ब असेल तर तो सर्वांत आधी बदला. अनेक घरांत देवघरात, गोठ्यात, न्हाणीघरात किंवा माडीच्या जिन्यावर तो अजूनही दिसतो. ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो दिवसाला पाच तास चालला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते, म्हणजेच साधारण ६५ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. खर्च मात्र शंभर रुपयांच्या आसपास येतो. एवढ्या कमी पैशांत एवढा परिणाम देणारी दुसरी वस्तू बाजारात सहसा मिळत नाही.

घरातील सर्व दिवे आधीच एलईडी असतील तर पंख्याकडे पाहा. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि नव्या बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रात्री आणि दुपारी मिळून रोज दहा तास, वर्षात तीनशे दिवस चालणाऱ्या पंख्यामागे १३५ युनिटचा फरक पडतो. पंखा अडीच-तीन हजारांचा असल्याने तो एका मुलाच्या गल्ल्यातून येणार नाही, पण जुना पंखा जळाल्यावर तो पुन्हा गुंडाळून घ्यायचा की नवा आणायचा, याची चर्चा घरात निघते तेव्हा हे आकडे आईबाबांसमोर ठेवता येतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचत दाखवणारे तारांकनाचे लेबल सक्तीचे आहे. दुकानात ते पाहूनच निवड करावी.

शाळेत जाण्यायेण्याच्या खर्चात काय बदलता येईल?

आमच्या मते शाळकरी मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी बचत इथेच दडलेली आहे, म्हणून हा हिशेब जरा सविस्तर मांडतो.

शाळा घरापासून तीन किलोमीटरवर आहे आणि वडील मुलीला मोटारसायकलवरून सोडून घरी परततात, संध्याकाळी पुन्हा आणायला जातात, असे समजू. रोजचे अंतर बारा किलोमीटर होते. गाडी लिटरला ४५ किलोमीटर जात असेल तर वर्षातील २०० शाळेच्या दिवसांत सुमारे ५३ लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे वर्षाला १२० किलोहून अधिक. आणि लिटरला शंभराच्या वर भाव असताना पाच हजारांहून अधिक रुपये खर्च होतात. शिकवणीच्या फेऱ्या यात धरलेल्याच नाहीत.

आता पर्याय पाहू. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातील मुली आणि महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून राज्यात मोफत प्रवास करता येतो आणि मुलग्यांना विद्यार्थी पास सवलतीत मिळतो. बस तशीही धावणारच असते, त्यामुळे तिच्यात आणखी एक विद्यार्थी बसल्याने धूर जवळजवळ वाढत नाही. बस वेळेवर येत नाही किंवा कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांच्या फेऱ्यांना लोंबकळावे इतकी गर्दी होते, ही तक्रार खरी आहे. अशा वेळी पालकांनी आणि शाळा सुधारणा समितीने मिळून आगार व्यवस्थापकांना शाळेच्या वेळा, विद्यार्थ्यांची संख्या आणि थांब्याचे नाव लिहून निवेदन द्यावे. त्यासाठी कागद आणि पोस्टाचे तिकीट एवढाच खर्च येतो. चंदगड किंवा कागलकडे जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की शक्ती योजनेची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे.

दुसरा पर्याय सायकलचा. शासनाने पूर्वी आठवीच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या किंवा मोठ्या भावंडांनी वापरून ठेवलेल्या सायकली कितीतरी घरांच्या पडवीत उभ्या असतात. टायर सुकलेला, ब्रेकची रबरे झिजलेली, चेनला गंज आलेला, पण सांगाडा धडधाकट. अशा सायकलला नवीन ट्यूब, ब्रेक रबरे आणि ग्रीस मिळाले की ती पुन्हा रस्त्यावर येते, आणि हा खर्च बहुधा दोन महिन्यांच्या पेट्रोलमध्ये भरून निघतो.

सुरक्षिततेत मात्र तडजोड नको. महामार्ग ओलांडावा लागत असेल, किंवा वाट खानापूरच्या जंगलपट्ट्यातून जात असेल आणि अस्वल किंवा गवे यांचा वावर असेल, तर सायकलचा आग्रह धरू नये. मुसळधार पावसाच्या दिवसांत दोन-तीन शेजारी मुलांनी मिळून एकच रिक्षा केली, तरी तीन मोटारसायकलींच्या फेऱ्या वाचतात.

खाऊ आणि डबा यांबाबत काय करावे?

अन्न वाया जाऊ न देणे हे पहिले काम. जगात वाया जाणाऱ्या आणि नासणाऱ्या अन्नामुळे एकूण हरितगृह (उष्णता अडवणाऱ्या) वायूंपैकी सुमारे ८ ते १० टक्के वायू तयार होतात, कारण ते पिकवण्यासाठी, वाहून नेण्यासाठी आणि शिजवण्यासाठी लागलेली सगळी ऊर्जा फुकट जाते आणि कचऱ्यात कुजताना त्यातून मिथेन बाहेर पडतो. शाळेच्या मध्यान्ह भोजनात भात ताटात घेतानाच थोडा घ्यावा आणि लागला तर पुन्हा मागावा, एवढ्याने बराच फरक पडतो.

खाऊ विकत घ्यायचाच असेल तर पाकिटातल्या पदार्थांऐवजी भाजलेल्या शेंगा, चिक्की, पेरू, उकडलेली रताळी घ्या. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी भरपूर पिकतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जांबोटी-खानापूरकडून बायका करवंदे आणि जांभळे घेऊन शहरात येतात. ती घेताना आपला पैसा जवळच्याच घरात जातो. चकचकीत पाकिटांवर प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र चिकटवलेले असल्याने भंगारवालाही ती घेत नाही, आणि शेवटी ती गटारात किंवा शेकोटीत जातात.

वह्या, पेन आणि गणवेश यांवर वाचवलेल्या पैशांनी खरोखर काही होते का?

थोडे होते. मागच्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून बाइंडिंग करून घेतली तर कच्च्या कामाची एक-दोन जाड वही सहज तयार होते. फेकून देण्याच्या पेनांऐवजी रिफिलचे पेन वापरावे. गणवेश शिवताना शिलाईत थोडे जादा कापड ठेवायला सांगितले तर तो आणखी एक वर्ष चालतो. या सवयी चांगल्या आहेत, पण पेट्रोल आणि विजेच्या तुलनेत त्यांचा परिणाम लहान आहे, त्यामुळे वर्गात यांवरच सगळा वेळ घालवू नये.

मोबाइल आणि ऑनलाइन खरेदीचे काय?

मोबाइलमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो, घरात तो चार्ज करायला लागणारी वीज त्या मानाने फारच थोडी. म्हणून चालता फोन बदलू नये, बॅटरी किंवा काच बदलून घ्यावी. खेळांतील आभासी वस्तूंसाठी पैसे भरणे हे बहुतेक वेळा घरच्यांना न सांगता होते, आणि हवामानाचा विचार बाजूला ठेवला तरी ते बंदच केले पाहिजे.

झाडे लावण्यासाठी वर्गणी मागतात. द्यावी का?

झाडे लावणे चांगलेच, पण पैसा खड्डा खणण्यापेक्षा झाड जगवण्यावर खर्च व्हायला हवा. जून महिन्यात रोप हातात धरून काढलेले छायाचित्र आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी उरलेला सुका काटका हे दृश्य अनेक शाळांच्या आवारात पाहायला मिळते. कर्नाटक वनखात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत शेतकऱ्यांना रोपे सवलतीत मिळतात आणि पुढील तीन वर्षे जगलेल्या रोपांची मोजणी करून त्या हिशेबाने अनुदान दिले जाते. शाळांनी हेच तत्त्व उचलावे. वर्गणी मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, गुरांपासून कुंपण काय, आणि मेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा कोण लावणार. उत्तरे ठाम नसतील तर पैसे देऊ नका.

वीस रोपांपेक्षा दोनच लावा, पण काटेरी फांद्यांचे कुंपण, मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि सुटीतील पाण्याची पाळी ठरवून लावा. जांभूळ, आंबा, फणस, करंज, कडुलिंब, आपटा ही आपल्या मातीत रुजणारी झाडे आहेत. खानापूरच्या पावसाळी भागात कोकम आणि हिरडाही चांगला वाढतो. मात्र लहान रोपाला लक्षणीय कार्बन शोषायला अनेक वर्षे लागतात. "एक झाड लावले, आता गाडी कितीही फिरवा" असा हिशेब बसत नाही. आधीच उभे असलेले मोठे झाड तुटू न देणे अधिक मोलाचे आहे, आणि भीमगड अभयारण्यासारखे सदाहरित जंगल टिकणे हे तर कोणत्याही वृक्षारोपणाने भरून न येणारे काम आहे.

आमच्या गल्लीतील बाल मंडळ गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करते. ती हवामानाच्या दृष्टीने कशी वापरावी?

लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ पासून सुरू असलेला बेळगावचा सार्वजनिक गणेशोत्सव हा आपला अभिमान आहे, आणि पर्यावरणाच्या नावाखाली तो फिका करण्याची काहीच गरज नाही. शाडूची मूर्ती आणावी, कारण कपिलेश्वर तलाव आणि जक्कीन होंडा येथील पाण्याचा आणि गाळाचा प्रश्न त्यामुळे हलका होतो. तो फायदा मुख्यतः पाण्याचा आहे, हवामानाचा कमी. फटाक्यांचेही तसेच, त्यांचा त्रास प्रामुख्याने फुप्फुसांना आणि कानांना होतो. हवामानाच्या दृष्टीने पाहायचे तर डिझेल जनरेटर किती तास चालतो, रोषणाई एलईडीची आहे का आणि महाप्रसादातील किती अन्न उरते, हे तीन खर्च तपासा. थर्माकोलच्या मखराऐवजी लाकडी किंवा कापडी सजावट केली तर ती पुढच्या वर्षीही वापरता येते आणि वर्गणीतील पैसे उरतात.

वडील ऊस लावतात आणि फडातील पाचट जाळतात. मी लहान असताना काय करू शकतो?

अथणी, चिक्कोडी, रायबाग, निपाणी या पट्ट्यातील मुलांचा हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्यांच्या घरातील खाऊच्या पैशांपेक्षा शेतातील निर्णय कित्येक पटींनी मोठे आहेत.

ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवले की एका काडीत काम आटोपते आणि मजुरी वाचते, हे शेतकऱ्याचे गणित खोटे नाही. परंतु त्या आगीत जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय कर्ब आणि नत्र निघून जातो, काजळी आणि मिथेन हवेत जातात, आणि मग खोडव्याला तेवढेच जादा खत विकत आणावे लागते. युरियासारखे नत्रयुक्त खत गरजेपेक्षा जास्त पडले की त्यातून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. पाचट सरीत दाबून किंवा कुट्टी करून आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते, तण कमी येते आणि दोन-तीन पाण्याच्या पाळ्याही वाचू शकतात.

मुलाने वडिलांना उपदेश करू नये. त्याऐवजी "बाबा, बांधाकडच्या चार सऱ्या या वर्षी न जाळता ठेवूया, खताची पिशवी आणि पाण्याच्या पाळ्या मी लिहून ठेवतो" असे सुचवावे. चार सऱ्यांत तोट्याची भीती नसते आणि वर्षाअखेरीस घरातच खरा हिशेब तयार होतो. माती परीक्षण करून घेणे हा खत वाचवण्याचा आणखी एक सोपा मार्ग आहे. भाताच्या शेतात सतत पाणी तुंबून राहिल्याने मिथेन तयार होतो. जिथे पाणी हातात आहे तिथे मध्ये मध्ये ते काढून जमीन हलकी सुकू दिली तर मिथेन घटतो. पण खानापुरात पावसाच्या पाण्यावरच रोपलावण होत असल्याने हे सर्वांना जमणारे नाही.

दुकानात अनेक वस्तूंवर "पर्यावरणपूरक" असे छापलेले असते. त्यांना जास्त पैसे द्यावेत का?

केवळ हिरवे पान छापले आहे म्हणून देऊ नयेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत, आणि दावा करणाऱ्याने त्याचा पुरावा देणे अपेक्षित आहे. वस्तू कशी पूरक आहे, किती आणि कोणी तपासले, हे पाकिटावर लिहिलेले नसेल तर तो दावा विसरून जा. घरात चालती बाटली असताना "हिरवी" बाटली विकत घेणे हा जादा खर्चच आहे.

वाचवलेले पैसे कुठे ठेवावेत? बँकेत ठेवलेल्या पैशांचा हवामानाशी संबंध असतो का?

दहा वर्षांपुढील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते आणि त्यासाठी किमान ५०० रुपये लागतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांनाही दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे खाते चालवू देण्याची मुभा दिली आहे, मात्र रकमेची मर्यादा प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवते.

बँकेत ठेवलेला पैसा तिथे पडून राहत नाही. तो कर्जरूपाने कोणाला तरी दिला जातो. कधी ते कर्ज कोळशाच्या प्रकल्पाला जाते, तर कधी सौर पंपाला. १ जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची नियमावली लागू आहे. अशा ठेवीतील पैसा नवीकरणीय ऊर्जा, ऊर्जा बचत, स्वच्छ वाहतूक अशाच कामांना देणे बँकेवर बंधनकारक असते आणि त्याची तपासणीही होते. सर्वच बँका ही ठेव देत नाहीत. घरात मुदत ठेव काढायची असेल तेव्हा शाखेत जाऊन आईबाबांनी एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. व्याजदर आणि मुदत साध्या ठेवीशी ताडून पाहावी.

आमच्या घरची परिस्थिती बेताची आहे. माझ्याकडे खाऊचे पैसेच नसतात. मी काय करू?

तुमच्या घरातून हवेत जाणारा धूर आधीच कमी आहे, त्यामुळे तुमच्यावर कसलाही भार नाही. बसने किंवा पायी येणारा, भावाचा गणवेश वापरणारा आणि ताट स्वच्छ करणारा विद्यार्थी हे सारे करतच असतो आणि शिक्षकांनी वर्गात ते सन्मानाने सांगितले पाहिजे. वर्गाच्या उपक्रमात पैशांऐवजी काम देता येते, जसे हिशेब लिहिणे, सायकलचे पंक्चर काढायला शिकणे, रोपांना पाणी घालण्याची पाळी. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर धूर बाहेर जाण्यासाठी धुराडे आणि कोरडे जळण एवढ्याने आईच्या डोळ्यांचा त्रास आधी कमी होतो, आणि दोन-चार जनावरे असतील तर गोबरगॅसच्या अनुदानाबाबत ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

वर्गाने मिळून निधी उभारला तर तो कशावर खर्च करावा?

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाने महिन्याला सरासरी वीस रुपये प्रमाणे दहा महिने जमवले तर आठ हजार रुपये होतात. सहसा पहिली सूचना वर्गासाठी नवा पंखा घेण्याची येते. पण वर्गातील पंखा दिवसाला सहा तास आणि वर्षातून दोनशे दिवसच चालतो, त्यामुळे तो बदलल्याने वर्षाला ५४ युनिट, म्हणजे ३८ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो. त्याच पैशांत शाळेत एक हवा भरण्याचा पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि दहा-बारा बंद सायकलींसाठी ट्यूब व ब्रेक रबरे घेता येतात. त्यांतील पाच सायकली जरी तीन किलोमीटरवरून येणाऱ्या आणि आजवर मोटारसायकलवर बसून येणाऱ्या मुलांच्या झाल्या, तर वर्षाला सहाशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळतो. आमची शिफारस निःसंशय सायकलींना आहे.

पैसे गोळा करताना कोणी किती दिले हे फळ्यावर लिहू नये, बंद डबा ठेवावा, म्हणजे न देऊ शकणाऱ्याला खाली मान घालावी लागणार नाही. डबा दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांच्यासमोरच उघडावा, रक्कम वहीत लिहून तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि शाळा सुधारणा समितीला दर तीन महिन्यांनी वही दाखवावी. प्रत्येक खरेदीची पावती त्याच वहीत चिकटवावी.

वर्ष संपताना निधीत पैसे उरले तर काय करावे?

ते वाटून घेऊ नयेत आणि घाईने सहलीवर खर्चही करू नयेत. आपल्याकडे शाळा एप्रिलमध्ये सुटतात आणि मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पुन्हा भरतात, म्हणजे शाळा सुरू होताच पाऊस अंगावर येतो. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच सायकलींची मडगार्ड, ब्रेक आणि चेन तपासून घ्यावी, गरज असेल तिथे उरलेल्या पैशांतून ती बदलावी, आणि शिल्लक रक्कम, पावत्यांची वही व पंपाची किल्ली पुढच्या वर्गाच्या दोन विद्यार्थ्यांकडे शिक्षकांसमोर सही घेऊन सोपवावी.